माग सुरू व्हायच्या आत

सोलापुरात गाडीला थंडी बाधते
असं म्हटलं की गॅरेजवर हसतात.
चव्वेचाळीसचं गाव हे,
इथं गाडी उकळते.
तिघं हसले. चौथ्यानं
गिअरबॉक्सच बदला म्हणून ऐंशी हजार सांगितले.

मग इराबत्तीबाई माझ्याकडं आल्या,
भर दुपारी,
आणि गाडी शहाण्यासारखी चालली.
होटगी रोडला नेली, आणली,
कुठं हिसका नाही, कुठं अडखळ नाही.
"दवाखाना दिसला की पोराचा ताप उतरतो,
तसं करती बघा ही."

दस्तगीरचाचा म्हणायचे,
दुखणं ज्या वेळेला येतं त्या वेळेला जा,
तुझ्या सवडीनं जाऊ नको.
म्हणून आज साडेपाचला दत्त नगरात.
मफलर, टॉर्च, चिंधी.
बोनेटवर दव आहे, पुसत नाही.
आधी कशालाच हात लावायचा नाही.

दोन हजार दोनची गाडी, क्लच नसलेली.
बाईंच्या डाव्या पायात लहानपणापासून जोर नाही,
फंडातून पैसे काढून पुण्याहून आणवली होती.
तेव्हा गल्लीतली पोरं वाकून शोधायची
तिसरं पायडल.

"लवकर आटप, सिद्राम," खिडकीतून बाई,
"सहाला शेजारचे माग सुरू होतात,
मग तुला काय ऐकू येतंय?"

पहिल्याच सेल्फला इंजिन.
ब्रेकवर पाय. आर.
ठक्. लगेच बसला, गाडी मागं रेलली.
म्हणजे पंप ओढतोय, तेल पोचतंय.
एन.
डी.

काही नाही.

इंजिन आपलं चालू
आणि गाडी उंबऱ्याबाहेर उभ्या पाहुण्यासारखी.
एक, दोन,
कुठंतरी कुत्रं,
चार, पाच,
माझाच श्वास काचेवर,
सात.
धप्प.
डॅशबोर्डवरचा मार्कंडेय हलला.

परत एन, परत डी: चार.
परत: दोन.
गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो तर
काहीच झालं नव्हतं असं तोंड.

इंजिन चालू ठेवून, सपाट फरशीवर,
दांडी ओढली, चिंधीवर टिपली.
लाल होतं कधीकाळी, आता गूळ घातलेल्या चहासारखं.
हुंगलं. करपलेलं नाही.
बोटांत चोळलं. चमचम नाही, चुरा नाही.
पातळी एक नखभर कमी.

"बाई, आत एक रबराचं सील असतं,
पुढं जायच्या क्लचचं.
वयानं टणक झालंय. गार असलं की ओठ मिटत नाही,
दाब बाजूनं निसटतो.
ऊब आली की फुगतं, मग धरतं.
खोलल्याशिवाय छातीठोक सांगत नाही,
पण अख्खा गिअरबॉक्स नाही, एवढं नक्की."

बाई काठी टेकत पायरीवर आल्या.
"आमचे नाना जॉबर होते.
मागाचा पिकर असतो ना, चामड्याचा,
तो कडक झाला की तडकायचा.
नाना नवे पिकर महिनोन्महिने तेलात बुडवून ठेवायचे,
घरभर वास.
अख्खा माग बदला, असं कधी
मालकाला म्हणाले नाहीत."

मी तेल, फिल्टर, सील-किट, मजुरी
असा हिशेब सांगायला तोंड उघडलं
आणि सहा वाजले.
भिंतीपलीकडं खटाखट, खटाखट,
फरशी हलायला लागली, माझा आकडा
माझ्याच तोंडात राहिला.
बोटं दाखवली. बाईंनी दोन बोटं मिटली.
मी एक उघडलं. ठरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे फोन:
"आज नऊ, सिद्राम. पारा अकरावर आलाय म्हणं."
वहीत लिहिलं: नऊ, अकरा.
किट शुक्रवारी येतंय.
"तोवर सुरू करून दोन मिनिटं ठेवा,
आणि नऊ होऊ देत नाहीतर दहा,
ॲक्सिलरेटर दाबू नका."
"छे, दाबते कशाला. मी तेवढ्यात
डबा आणते आतनं," म्हणाल्या,
आणि पुढं अजून काहीतरी म्हणाल्या,
पण तिकडं माग सुरू झाले होते.