तिसरा सिलिंडर

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या गल्लीत
येळ्ळूरचा प्रणील अष्टेकर
बापाची जुनी झेन घेऊन आला.
डिकीत तीन खोकी:
मोठ्या तोंडाचा थ्रॉटल, मोकळा सायलेन्सर,
आणि पुण्याहून मागवलेला
लालभडक एअर फिल्टर.
"पॉवर पाहिजे," म्हणाला,
"चोर्ल्याच्या घाटात ओढूलाली नाही."
मग माझ्याकडं बघून,
"मॅडम, बिल तुम्हीच करता?"
"बोर करते," मी म्हटलं.

बाबाजान नदाफनं खोक्यांकडं बघितलंसुद्धा नाही.
चारी प्लग काढले,
भोकात गेज बसवला,
"रेणुका, मार स्टार्टर."
बारा. साडेबारा.
आठ.
बारा.

तिसऱ्यात चमचाभर तेल सोडलं,
पुन्हा स्टार्टर.
काटा अकरावर चढला.
"रिंगा," तो म्हणाला, "व्हॉल्व नव्हं,"
आणि हात पुसायला चिंधी शोधू लागला.

इंजिन म्हणजे काय,
हे त्यानं मला पहिल्या वर्षी शिकवलं,
अर्धं कन्नडात, अर्धं मराठीत.
घेतलेला श्वास, दाबलेला श्वास,
पेटलेला श्वास, सोडलेला.
तो उसिरु म्हणायचा,
मला उसासा ऐकू यायचा.
काम अडलं नाही कधी.

प्रणील हट्टाला पेटलेला.
शेवटी मीच बोलले:
रुंद तोंडानं हवा जास्त येते, खरं आहे.
पण गळक्या घागरीचं तोंड वाढवून
पाणी वाढतंय होय?
सायलेन्सर मोकळा केलास
तर वरच्या आरपीएमला दोन घोडे येतील,
खालचा दम जाईल,
आणि खानापूर रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरमागं
तुला खालचाच लागतो.
आवाज म्हणजे घोडा नव्हं.

ब्लॉक मशीनवर चढवला.
अर्धा मिलिमीटर, चारी घरं सारखी.
आजारी एकटाच होता,
पण एकट्यालाच मोठं करून चालत नाही.
नवे पिस्टन तराजूत घातले,
एक दोन ग्रॅमनं माजलेला,
त्याला आतून खरवडून भावांत बसवला.

मग होनिंग.
बघणाऱ्याला वाटतं, आता काचेसारखं करतील.
तसं करत नाही आम्ही.
तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या
बारीक रेघा मुद्दाम ठेवतो.
तेल त्या रेघांत राहतं.
अगदी गुळगुळीत भिंतीवरून ते निसटतं,
आणि कोरड्यात रिंग जळते.
हे नव्या पोरांना सांगताना
मी दरवेळी मध्येच थांबते.
का, ते मला सांगता येत नाही.

हेडचे बोल्ट मधून बाहेर,
तीन फेऱ्यांत,
दरवेळी रेंचचा तो छोटा कट्ट.
"हजार किलोमीटर निधान," बाबाजाननं बजावलं,
"निधान, तम्मा."

दीड महिन्यानं साखळीहून फोन.
"मॅडम, उडूलाली गाडी! काय केलंत हो?"
"ती खालची हवा," मी म्हटलं,
"समुद्राकडं दाट असते.
घाट चढून वर ये, मग सांग."
फोन काही आला नाही.

आला तो बाप.
पांढऱ्या टोपीचा, थोडा बहिरा,
राहिलेले बाराशे रुपये मोजून दिले.
मग इंजिन चालू ठेवून
बोनेटवर तळहात टेकवून उभा राहिला,
डोळे मिटून,
नाडी बघावी तसा.
"तीन वर्षं," म्हणाला,
"हिचं एक पाऊल लंगडत होतं.
पोराला वाटायचं, मी म्हातारा झालो."

खोकी अजून आमच्या फळीवर आहेत.
लाल फिल्टरात बाबाजान पेन्सिली ठेवतो.
गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली
तेव्हा फाउंड्रीचा भोंगा झाला, तरी त्याखालून
मला ऐकू येत होतं:
एक, तीन, चार, दोन.
एक, तीन, चार, दोन.