तीन मिनिटं

गोळीबार चौकातून आत, तांडापेठेकडे वळलं
की मागांचा आवाज आधी येतो, शाळा नंतर.
मनपाची, पिवळी, दोन मजली.
फाटकावर खडूनं लिहिलेलं: राकेश भैताड आहे.

बारापात्रे बाईंनी विचारलं, काय शिकवाल?
म्हटलं, शिकवणं येत नाही मला.
छत्तीस वर्षं टेलिफोनमध्ये काढली,
सुरुवातीची ट्रंक एक्स्चेंजला. ऐकता येतं.
त्या जरा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या,
बरं झालं. ऐकायलाच कोणी नाही आमच्याकडे.

म्हणून एक आठवडा जिन्याखाली,
खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांशेजारी,
खुर्ची माझी, स्टूल त्यांचं.
चौथीतलं एकेक पोट्टं यायचं,
धडा वाचायचं, जायचं.

ट्रंकला नियम होता:
जोडून दिलं की कान काढून घ्यायचा.
बिलासपूर जोडा, अकोला जोडा,
पलीकडून 'हॅलो' आलं की आपलं काम संपलं.
किती जणांचं पहिलं 'हॅलो' ऐकलंय मी
आणि पुढचं काहीच नाही.

इथं पुढचंच सगळं.
लावण्या निखारे जोडाक्षर दिसलं की डोळे मिटते
आणि उडी मारून पलीकडे उतरते.
मुबश्शिरा स्वल्पविरामाला खरोखरच थांबते,
एवढी, की वाटतं लाइन कटली.
एकानं तर धड्यातल्या म्हातारीला
परस्पर आपल्या मावशीचं नाव दिलं.
मी दुरुस्त केलं नाही.

खुशाल हेडाऊ ओरडून वाचतो.
साधं 'आई घरी आली' सुद्धा
पोत्यांमागचे उंदीर पळतील असं.
"अरे, हळू," मी म्हणते, माझ्या त्या जुन्या आवाजात,
ज्याचं सुपरवायझर सगळ्यांदेखत कौतुक करायचे.
"आँ?"
"हळू वाच."
"काहून? ऐकू नाही येऊन राह्यलं का?"

मग कळलं, घरी दोन माग.
भाकर मागायची तर तीही मागाच्या वरून.
बापाची रात्रपाळी, आई कांड्या भरते,
हळू बोललेलं त्या घरात
न बोलल्यातच जमा.

गुरुवारी कोणीतरी पिशवीभर संत्री आणली.
एकमेकांच्या डोळ्यांत साल पिळायचा खेळ,
त्यात मीही सापडले.
सात धडे चुरचुरत्या डोळ्यांनी ऐकले.

शुक्रवारी दुपारी वस्तीची लाइट गेली.
सगळे माग एकदम थांबले.
खुशाल वाक्याच्या मध्यावर होता
आणि बहुतेक स्वतःचा आवाज त्याला ऐकू आला.
थबकला. मागे वळून पाहिलं,
दुसरं कोणी बोलून राह्यलं का म्हणून.
मग पुढचं वाक्य इतकं हळू वाचलं त्यानं
की मी पुढे झुकले, उजवा कान घेऊन,
ज्यावर कधीकाळी हेडफोनचा वळ असायचा.
धडा नदीचा होता की माकडाचा,
सांगता यायचं नाही मला.
लाइट आली. माग सुरू. खुशालही.

शनिवारी अर्धी शाळा.
बाईंनी प्रमाणपत्र दिलं,
त्यात माझ्या आडनावाचा अनुस्वार राहिलेला.
शेवटचा नंबर खुशालचा.
अर्धं पान उरलं होतं आणि घंटा झाली.
पोट्टे फाटकाकडे सुटले.
त्यानं बोट शब्दावर ठेवलं
आणि माझ्याकडे पाहिलं.

ट्रंकला तीन मिनिटं झाली
की मध्येच शिरून विचारावं लागायचं,
कोणी रडत असो, कोणी कापसाचा भाव ठरवत असो:
तीन मिनिटं झाली. वाढवायचं?
बहुतेक जण म्हणायचे, नको नको, ठेवतो.
पैसे पडायचे.

"वाढवायचं?" मी विचारलं.
"आँ?"

मी ओरडून विचारलं.