हातचे तीन

नोंद झाली तेव्हा मार्च होता.
ऊज नदी घाटाच्या दुसऱ्या पायरीवर,
यॉर्कातल्या आमच्या खोलीतला हीटर नेहमीसारखा रुसलेला.
फर्गसने प्रश्न टाइप केला:
पायाच्या जुन्या जखमेला चारपदरी पट्टीने
दुपदरीपेक्षा लवकर गुण येतो का?
लवकर म्हणजे किती, तेही तेव्हाच लिहायचं.
बारा आठवडे.
उत्तर दिसण्याआधी प्रश्नावर तारीख घालायची,
नाहीतर कोणीही बाण मारून घ्यावा
आणि मग सावकाश त्याच्याभोवती वर्तुळ काढावं.

मग निवडणं.
चार हजार दोनशे सोळा शीर्षकं,
तांदूळ निवडावेत तशी, पण दोन ताटांत, दोघांनी,
एकमेकांच्या ताटात न डोकावता.
इफेओमा लीड्सहून, फर्गस इथून.
एकाला खडा दिसला नि दुसऱ्याला दाणा
की माझ्याकडे.
मी चष्मा पुसायचे
आणि पूर्ण लेख मागवायचे.

उरले अकरा.
त्यातला एक कीथलीचा, त्र्याण्णव सालचा, दोन पानी,
परिचारिकांच्या कुठल्याशा पत्रकातला.
सुरुवातीला एक्केचाळीस माणसं,
शेवटच्या तक्त्यात अडतीस.
हातचे तीन कोणी मिळवलेच नव्हते.

फर्गस म्हणाला, वगळू. कारण: माहिती अपुरी.
मी म्हटलं, आधी विचारू.
त्या इस्पितळाचे आता फ्लॅट झालेत.
निवृत्त परिचारिकांच्या नाताळ-कार्डांच्या यादीतून
पत्ता निघाला, आणि एकोणीस दिवसांनी
रेघी कागदावर, निळ्या शाईत, डोरीन हॅलम:

“मिस्टर सटक्लिफ मुलाकडे व्हिटबीला गेले.
मिसेस बूथनी पट्टी स्वतःच कात्रीने कापली,
रात्री पाय जळतो म्हणाल्या, नि परत आल्या नाहीत.
तिसरी आयव्ही. ती फेब्रुवारीत गेली.
पट्टीमुळे नाही. पण तसं लिहायला रकाना नव्हता,
आणि मला तिला ‘गळती’ म्हणवेना.”

तिघंही चारपदरीतली.

त्यांना धरून गणित पुन्हा मांडलं
तर आलेखातला तो छोटा हिरा
सरकत सरकत आला
आणि उभ्या रेघेला टेकून बसला.

ब्रिस्टलहून मुख्य लेखकाचा निरोप:
बाराऐवजी चोवीस आठवडे घेतले तर?
हिरा पुन्हा पलीकडे जातो, मी पाहिलंय.
मी लिहिलं, बदला खुशाल.
नोंदीत बदलाची तारीख येईल, बदलाचं कारणही,
आणि कारणाच्या जागी खरं कारण लिहा.
दोन दिवस काहीच आलं नाही.
त्या दोन दिवसांत मी घरी जाताना
गल्लीतल्या भिंतीवरच्या पुराच्या खुणा पाहत होते:
एक आडवी रेघ, साल, वर आणखी एक.
भिंत दरवेळी रंगवतात,
पण रेघा सोडून.
मग उत्तर आलं: बाराच ठेवू.
खाली नाव नव्हतं, नुसता ठिपका.

संपादन म्हणजे काय, तर
‘सिद्ध होते’ काढून ‘दिसते’ घातलं,
‘दिसते’ काढून ‘असू शकते’,
एका स्वल्पविरामावरून इफेओमाशी अबोला, जेवणापर्यंत.
सामान्य वाचकांसाठीच्या सारांशात शेवटी उरलं:
फारसा फरक नसावा. आम्हाला खात्री नाही.
एवढं म्हणायला
पाच माणसांना एकवीस महिने लागले.

गुरुवारी प्रसिद्ध झालं, दुपारी, कोणाला न कळता.
डोरीनबाईंकडे संगणक नाही.
मी एकशे चौदा पानं छापली,
मध्येच शाई संपली, काडतूस बदललं,
सत्त्याऐंशीव्या पानावर पेन्सिलीने हलकी खूण केली,
जिथे कीथलीच्या ओळीत आता एक्केचाळीस आहेत.
पाकीट जड झालंय.
टपालखर्च कुठल्या खात्यात टाकायचा
हे अजून कोणी सांगितलेलं नाही.