कापसाचा बोळा

कामठी उतरवताना जाहऱ्यामामा
आधी तिचं खालचं टोक अंगठ्यानं दाबायचा,
मग गुडघा, मग श्वास.
दोरी खाचेतून निसटली की
दोघंही जरासे लांब व्हायचे,
बांबूही, मामाही.
रात्री काही ताणलेलं ठेवू नये, म्हणायचा.
मामी म्हणायची, मग तुझं तोंड?

बांबू अवसेच्या आधी तोडलेला,
दोन पावसाळे चुलीवर टांगून धूर प्यालेला.
दोरीही बांबूचीच, पातळ चिपाट,
तिला मोहाच्या बियांचं तेल.
सुतळी नको, नायलॉन नको,
वेगळ्या जातीचं ताणणं तिला झेपत नाही, असं तो सांगे
आणि मग उगाच घसा खाकरायचा.

दिवाळीनंतर आम्ही शहाद्याकडे कापूस वेचायला उतरायचो.
परतताना ओटीत एक बोळा मी लपवून आणायची, त्याच्यासाठी.
मामा तो कामठीवरून फिरवायचा,
वरून खाली, डोळे मिटून.
जिथं कापूस अडेल
तिथं बांबू फाटायला लागलेला.
बोटांना कळत नाही, बोटांना घट्टे आहेत.

त्या वर्षी अडला.
मुठीच्या चार बोटं खाली
एक तंतू तिथंच राहिला, पांढरा.
मी पाहिला. त्यानं पाहिला.
होळी चार दिवसांवर,
नवी कांब धुरात, अजून ओली.
मोटारीच्या वायरीला लावतात ती काळी टेप
बिज्याकडून मागून आणली, गुंडाळली,
वरून तेल चोळलं.
मी काही बोलले नाही.
मी अकरा वर्षांची होते
आणि कामठी चकाकत होती.

रानडुक्कर नव्हतं, शिकार नव्हती.
रुमश्याचा जावई सुरतेहून आला होता,
नव्या पँटीत, डोळ्यावर गॉगल.
बघू तरी, म्हणाला,
आणि कानापर्यंत ओढली.
बाण नव्हता लावलेला.
मामा हात पुढे करून ओरडला,
रिकामी नको, रिकामी सोडू न—
बाण जे घेऊन जातो
ते कुठंतरी जायलाच हवं.

आवाज फार मोठा नव्हता.
मक्याचं ताट मोडावं एवढाच.
टेप तशीच, घट्ट, तिच्या जागी,
आणि टेपच्या दोन्ही बाजूंना
कामठी नव्हतीच.

धडगावच्या दवाखान्यात सैंदाणे कंपाउंडरनं
चिमट्यानं कूस काढली, वीतभर नाही,
माझ्या करंगळीएवढी.
काय मारायला निघाला होता, बाबा?
काही नाही, मामा म्हणाला,
पाहुण्याला दाखवत होतो.
डावा डोळा तिथंच राहिला.
जावयानं दोन होळ्यांना पैसे पाठवले,
तिसऱ्या होळीला नाही.

नवी कामठी मामानं पुढच्या साली केली.
तासताना मान वाकडी करून बघायचा,
कोंबडी दाण्याकडे बघते तसा.
शेवटी बोळा माझ्या हातात दिला.
तू फिरव, म्हणाला. आणि अडला तर
ओरड.
मोडक्या कामठीचं वरचं पातं
मामीनं शेळ्या हाकायला ठेवलं.

आता माझा सायसिंग नंदुरबारच्या मैदानावर
चाकं असलेला धनुष्य ओढतो.
धातू आहे, केबल आहे, कसलासा स्क्रू आहे
जो सरांशिवाय कुणी फिरवायचा नाही.
भिंतीवर लिहिलंय, बाण नसताना दोरी सोडू नये.
मी ते चार वेळा वाचलं.
मग पदरातून बोळा काढला.
सर हसले. ताई, हे बांबू नाही.
असू द्या, म्हटलं.

वरून खाली, दोन्ही पात्यांवर,
मग बाणांवर, एकेका.
कुठंच अडला नाही.
मुलं थांबली होती, ऊन चढत होतं,
सायसिंग मान खाली घालून बूट घासत होता.
मी आणखी एकदा फिरवला.