खालची रिकामी ओळ

सात वाजता आल्माने दार लावलं
आणि लाकडी पेटीची कडी काढली.
अग्निशमन दलाची ही शेड. बंब बाहेर थंडीत उभा,
त्याच्या जागेवर आम्ही आठ जण, चार टेबलं
आणि सकाळपासून उकळून डांबर झालेली कॉफी.

नोव्हेंबर. झाडांच्या नुसत्या काड्या उरल्यात.
बर्फ अजून कॅनडाच्या बाजूला
यावं की न यावं करत बसलंय.

आमचं व्हरमाँट एवढंसं, की
खजिनदारपदाचा उमेदवार शनिवारी
कचरा डेपोवर स्वतः उभा होता,
हात मिळवायला हातमोजा काढून.
मी म्हटलं, आधी ही पिशवी धरा.
धरली त्याने. बाटल्या वेगळ्या, डबे वेगळे.
माणसाची पारख आणखी कशी करायची?
(तरी मत मी दुसरीलाच दिलं.
तिचा मुलगा माझ्या बसमधून शाळेत जायचा,
उतरताना रोज थँक्यू म्हणायचा.)

एका टेबलावर दोघं, एक या पक्षाचा, एक त्या.
माझ्यासमोर ऑरिन स्टॅनर्ड,
कुंपणाच्या वादावरून सहा वर्षं अबोला धरलेला.
आज त्याला बोलणं भाग आहे.
तो नाव वाचतो, मी रेघ मारते,
उभ्या चार, पाचवी तिरपी,
पानभर छोटी छोटी फाटकं,
सगळी बंद.

गव्हर्नर भराभर संपतो.
मग नायब गव्हर्नर, खजिनदार, सचिव.
लेखापरीक्षकापर्यंत येता येता
लोकांचं पेन दमलेलं असतं. कुणी कोरंच सोडतं,
कुणी खालच्या रिकाम्या ओळीवर
आपल्या कुत्र्याचं नाव लिहितं.
कायद्याने तेही वाचायचं, तेही नोंदवायचं.
बिस्किट, एक.

आणि दर दोन वर्षांनी त्याच ओळीवर
व्हर्ना थिबोडो.
गावाचा हिशेब तिने एकतीस वर्षं ठेवला.
एकदा चिकन-पाय जेवणाच्या जमाखर्चात
सतरा सेंट लागेनात,
तर सगळी समिती तिने रात्री साडेअकराला
उठवून आणली. मिळाले सतरा सेंट. मग झोपू दिलं.
तिला जाऊन नऊ वर्षं झाली.
मत पेन्सिलीने असायचं, इतकं दाबून
की मागच्या बाजूला बोटाला लागावं.
अक्षर कुणाचं, आठही जणांना माहीत.
झाकली मूठ. आल्मा लिहायची, एक.

लुसियन फेब्रुवारीत गेला.
जमीन दगड होती, मे महिन्यापर्यंत
त्याला थांबावं लागलं तिच्याशेजारी जायला.

आज चौथ्या गठ्ठ्यात ऑरिन अडखळला.
चष्मा पुसला.
"व्हर्ना थिबोडो," म्हणाला.
निळं बॉलपेन, उजवीकडे झुकलेलं अक्षर.
थोड्या वेळाने पलीकडच्या टेबलावरून,
"इथेही एक."
मग काळ्या शाईत. मग एक चुकीच्या स्पेलिंगचं.
अकरा.
कुणी कुणाकडे बघितलं नाही.
ऑरिन आपली बोटं टेबलाखाली घेऊन बसला.
मी नव्हतं लिहिलं.
मला सुचलंच नव्हतं, आणि रेघा मारताना
त्याची लाज वाटत होती.

आल्माने राजधानीला फोन लावला.
पलीकडच्या पोराने नावाचं स्पेलिंग विचारलं,
मग विचारलं, ही कोण?
"इथलीच आहे," आल्मा म्हणाली,
आणि तेवढ्यात यादीकडे बघून थबकली.
यादीवर खुणा दोनशे बारा.
मतपत्रिका दोनशे अकरा.

साडेदहा वाजले होते.
कुणीतरी म्हणालं, एकच तर आहे,
उद्या सकाळी बघू.
कुणीच उत्तर दिलं नाही.
मी कोट काढून परत खुर्चीला लावला.
आल्माने फोन ठेवला, गठ्ठे सोडले,
उरलेलं डांबर आठ कपांत सारखं वाटलं.
ऑरिनने पहिली पत्रिका उचलली,
उजेडाकडे धरली,
एकालाच दोन चिकटलेल्या तर नाहीत ना पाहिलं.
"गव्हर्नर," तो म्हणाला.
मी नवं पान घेतलं.