रकाना सातवा

तहसीलच्या फाटकाबाहेर, चिंचेखाली माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली कौलाचा तुकडा.
एकतीस वर्षं झाली, अमळनेरात लोकांचे अर्ज लिहितो.
नाव, बापाचं नाव, गाव, वय भराभर येतं.
सातव्या रकान्याशी माणूस थांबतो
आणि माझ्या तोंडाकडे बघतो:
दाखल्याचे प्रयोजन.

मी विचारतो, कसाले पाहिजे?
मग गाठ सुटते.
पोरगं धुळ्याले शिकाले जाई ऱ्हायनं.
म्हशीकरता लोन काढनं शे.
त्यांच्या कसालेला मी सरकारी टोपी घालतो:
शिक्षणार्थ. कर्जाकरिता. लाभ मिळणेकामी.
घरी एकदा म्हणालो, चहा मिळणेकामी,
तर कोकिळा पदर तोंडाला लावून हसत सुटली.

रिकाम्या दुपारी हे शब्द उलटेपालटे करत बसतो.
'शिकाले'तला तो ले,
पोरले भाकर देतात त्यातलाही तोच,
हात पुढे केलेला.
'म्हणून' तर उघडच सांगतो की
आधी कुणीतरी काहीतरी म्हणालं,
कारण मागाहून आलं.
आणि साठी मला या चैत्रात लागली.
आता बुद्धी नाठी, असं कोकिळा म्हणते.
होईल.

एक शब्द मात्र मी पुन्हा कधी लिहिला नाही.
दोधू पाटलाचा बैल भावाच्या हरभऱ्यात शिरला.
दावं तुटलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं,
टोकाचे धागे विस्कटलेले, कापलेले नव्हते.
पण गरबड पाटील टेबलावर मूठ आपटून म्हणाला,
मुद्दाम सोडला त्यानं.
मी लिहिलं: हेतुपुरस्सर.
पानाला सहा रुपये होते तेव्हा,
शब्द जड दिसला की पक्षकार खूष.
आठ वर्षं दोघे भाऊ कोर्टाच्या ओट्यावर
एकमेकांकडे पाठ करून बसले.
बैल मधेच मेला.
शब्द जिवंत होता, दर तारखेला हजर.

यंदा पोळ्याच्या आधी ठगूबाई भोई आली,
तापीथडीची. रहिवासी दाखला पाहिजे.
कसाले?
असाच.
असा देत नाहीत, मावशी. रेशनसाठी? पेन्शनसाठी?
नातवाच्या शाळेत लागतोय का?
जाळ्यातला काडीकचरा वेचून टाकावा
तशी ती एकेकाला नाही म्हणत गेली.
मग म्हणाली,
मी अठे ऱ्हास, हाई कोठेतरी लिखेल पाहिजे ना.

मी लिहिलं: राहते म्हणून.
कारकुनानं त्याभोवती लाल गोल काढला.
प्रयोजन अपुरे. अर्ज परत.
दुसऱ्या खेपेला लिहिलं: बँकेच्या कामासाठी.
आठव्या दिवशी सही, शिक्का, सगळं.
बँकेत तिचं पासबुकसुद्धा नाही.
तिनं दाखला उलटा धरून बराच वेळ पाहिला.
लिखं का, मी शे?
लिहिलंय, मी म्हणालो.
तळाशी बारीक अक्षरात होतं,
'फक्त वर नमूद केलेल्या प्रयोजनासाठी वैध.'
ते मी वाचून दाखवलं नाही.
मुद्दाम.

काल ती पुन्हा आली, काही काम नव्हतं.
पळसाच्या ओल्या पानांत गुंडाळलेले चार मासे
माझ्या शिक्क्याच्या डबीशेजारी ठेवले.
तुनाकरता, म्हणाली. मुद्दाम.
इतकी वर्षं हा शब्द माझ्याकडे
फिर्याद घेऊनच यायचा.
मी पुडी हातात धरून बसलो,
शर्टाच्या बाहीत पाणी उतरेपर्यंत.

कोकिळेच्या गळ्यात माळ आहे.
दारातच विचारेल, हे कसाले?
पाच वाजत आले होते,
आणि मला अजून काही सुचलं नव्हतं.