चांदिवली, तिसरा मजला

खिडक्या नसलेली नवी आवृत्ती
चढवली काल रात्री.
माऊस खोक्यात टाकला,
शेपटी बाहेर लोंबत राहिली.

काळा पडदा, लुकलुकती रेघ.
"एवढंच?" फुर्ताडोबाई म्हणाल्या.
एवढंच. पण या खेपेला
उठल्या उठल्या स्वतःच यादी मांडते,
आकडा द्या, काम घ्या.
आणि चुकलेली ओळ दुरुस्त करायला
साधा एडिटर आहे आता पोटात.

बाईंनी पंधरा दाबलं: बाहेर पडा.
बाहेर
पुन्हा तोच काळा पडदा, तीच रेघ.
"आमची साकीनाक्याची खोली," हसल्या,
"सामानच नाही, बिघडणार काय?"

चार वाजता, एसीच्या गारठ्यात
शेवटची आज्ञा दिली.
उत्तर आलं नाही.
इथे उत्तर न येणं म्हणजे
झालं सगळं नीट.

बाई अजून वाट बघतायत.